प्रमाणित फरशी

आपली जीपगाडी चार इंच उंच करून घेण्यात बेकायदेशीर असे काहीच नाही. आमचे शेजारी भाऊसाहेब यांनी ती करून घेतली तेव्हा त्यामागे डोंगर, नद्या आणि रानवाटा पालथ्या घालण्याचा उदात्त हेतू होता. भाऊसाहेब सरकारी कचेरीत आवक-जावक शाखेत आहेत. त्यांच्या जीपने आजवर पार केलेला सर्वांत खडतर प्रदेश म्हणजे आमच्या इमारतीसमोर केबलवाल्यांनी खणून तसाच सोडलेला चर. पण हौसेला मोल नसते, आणि हौस शेजाऱ्याची असली की आपल्याला बोलायची सोयही नसते.

गाडी उंच करणारे लिफ्ट किट बसले आणि भाऊसाहेबांच्या आईला, म्हणजे आमच्या काकूंना, गाडीत चढायला स्टूल लागू लागले. काकू दर आठवड्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला थोरल्या बहिणीकडे जात. बहीण अंथरुणाला खिळलेली. काकू सोडल्या तर आता कोणालाच ओळखत नव्हती. काकूंनी स्टुलाबद्दल तक्रार केली नाही. तक्रार केली ती गाडीनेच. उंच केल्यावर तिचे तोंड खाली झुकले, पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखे. फिटरने पुढच्या स्प्रिंगांवर चकत्या घातल्या, बॉनेटवर लेव्हलपट्टी ठेवली आणि पट्टीतला बुडबुडा मधोमध आला. प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती.

परंतु उंची वाढवलेल्या वाहनाला समतलता प्रमाणपत्र लागते. भाऊसाहेब फिटरला घेऊन वाहन तपासणी कार्यालयात गेले. फुकटची करमणूक म्हणून मीही गेलो. निरीक्षकांनी गाडी आवारातल्या फरशीवर उभी करायला लावली आणि पट्टी ठेवली. बुडबुडा उजवीकडे पळाला.

"वाहन वाकडं आहे," निरीक्षक म्हणाले.

"साहेब, गाडी सरळ आहे, फरशीला उतार आहे," फिटर म्हणाला. "गाड्या धुतल्या की पाणी गटारात जावं म्हणून दिलाय. ते बघा, आत्ताही डावीकडे वाहतंय."

निरीक्षकांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले. 'प्रमाणित समतल फरशी', आणि खाली उद्घाटकांची नावे. "फरशी प्रमाणित आहे."

"आणि पाणी?"

"पाणी कुठं जातं ते बघणं आमच्या कक्षेत येत नाही."

फिटरने डाव्या बाजूच्या दोन्ही स्प्रिंगांवर जाड चकत्या चढवल्या. बुडबुडा मधोमध आला, शिक्का उमटला आणि भाऊसाहेब समतल होऊन बाहेर पडले. रस्त्यावर येताच गाडी उजवीकडे कलली आणि मागच्या सीटवर बसलेला मी फिटरच्या अंगावर गेलो.

घरी काकू स्टुलावर चढल्या, आत बसल्या आणि घसरत दाराला टेकल्या. "अरे, ही वाकडी झालीय," त्या म्हणाल्या.

"आई, वाकडी कशी असेल? प्रमाणपत्र मिळालंय!"

कललेली जीप पार्किंगमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मोटारीवर ओणवी झाल्यासारखी दिसू लागली. सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली. भाऊसाहेबांनी प्रमाणपत्र टेबलावर ठेवले. सभेने ते हातोहात फिरवले, शिक्का उजेडात धरून पाहिला आणि एकमताने निष्कर्ष काढला: ज्या अर्थी गाडी सरळ आहे, त्या अर्थी इमारत वाकडी आहे. बिल्डरने फसवले याबद्दल सगळ्यांच्या मनात आधीपासूनच शंका होती, त्यामुळे ठराव लगेच पास झाला. कंत्राटदाराने पार्किंगची जमीन एका बाजूने उचलली. मग जिन्याची पायरी तिला जुळेना, म्हणून जिना दुरुस्त झाला. जिन्याला जुळावेत म्हणून व्हरांडे झाले, आणि व्हरांड्यापाशी अडखळायला होते म्हणून एकेकाच्या घरातल्या फरश्या. माझ्याही घरातली झाली. हप्त्याने करून देत होते.

आता भाऊसाहेबांच्या स्वयंपाकघरात दूध पातेल्याच्या एकाच कडेने उतू जाऊ लागले. काकूंनी एक वाटाणा जमिनीवर ठेवला. तो गडगडत फ्रिजखाली गेला.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या.

"वाटाण्याचं काय सांगतेस आई? त्याला कुणी तपासलंय?"

मग त्यांनी मला बोलावले. दुसरा वाटाणा माझ्यासमोर ठेवला. तोही गेला. मी म्हणालो, "काकू, हल्ली वाटाणे फारच गोल येतात." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यानंतर मला कधी चहा विचारला नाही.

सगळी इमारत सरळ असताना एकट्या काकूंना ती वाकडी दिसत होती, तेव्हा दोष उघडच कानातल्या तोलाचा होता. भाऊसाहेबांनी त्यांना डॉक्टरांकडे नेले. या डॉक्टरांचा दवाखाना आमच्याच इमारतीत तळमजल्यावर होता आणि त्याचीही फरशी नुकतीच दुरुस्त झाली होती. त्यांनी काकूंना उभे केले, डोळे मिटायला लावले, आणि काकू सरळ उभ्या राहिल्या म्हणून चिंतेने मान हलवली.

"कलताहेत या," ते म्हणाले. "डाव्या चपलेत एक चकती घालू. आणि गाडी सरळ दिसायला लागेपर्यंत प्रवास बंद. वाटेत चक्कर आली तर?"

"प्रवास बंद? अहो, बहीण आहे माझी तिकडे," काकू म्हणाल्या.

"तुमच्याच भल्यासाठी सांगतोय, आजी."

पहिल्या आठवड्यात काकू गेल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात बहिणीच्या घरून फोन आला की ती दाराकडे बघत पडून असते आणि जेवत नाही. त्या संध्याकाळी मी फाटकाबाहेर, रस्त्यावर काढलेल्या जीपजवळ उभा होतो. काकू चकतीच्या चपला घालून जिना उतरल्या, जीपसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवले होते. मुलांना रेघ सरळ मारायला लावण्यात त्यांनी हयात घालवली होती.

"सरळ आहे," त्या म्हणाल्या.

"नीट बघ, आई."

"अगदी सरळ आहे रे बाबा. आता स्टूल आण."

भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. "बघा, चकतीनं गुण आला!" ते मला म्हणाले. मला मनापासून संताप आला. घसा खाकरून मी बोलणारही होतो, पण पुढच्याच आठवड्यात माझ्या गाडीची त्याच फरशीवर तपासणी होती. मी म्हणालो, "वा! छान झालं." काकू गाडीत दाराला टेकून बसल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, असली माणसे कुठे असतात? आमची फरशी तर जन्मापासून सपाट आहे. असेलही. मी वाद घालत नाही, मला तेवढा धीर असता तर ही गोष्टच घडली नसती. फक्त एकदा उठून दारापर्यंत जा, रोजच्या चपला उचला आणि उलट्या करून टाचा बघा. एकच बाजू जास्त झिजली असेल, तर कुणाला सांगू नका. पुन्हा घाला आणि सरळ चालू लागा.