अंबादास जॉबरांचा दुसरा गिअर

आमच्या माडीवर राहणारे अंबादास जॉबर नव्या माणसाला नाव, गाव, पगार असलं काही विचारत नाहीत. ते एवढंच विचारतात, "गिअरची का बिनगिअरची?" म्हणजे तुमची गाडी. उत्तर पसंत पडलं तर बसायला खुर्ची मिळते. नाही पडलं तर उभ्या उभ्या बोला आणि निघा.

माझ्या पुतणीला बघायला पुण्याहून मुलगा आला होता. चांगला इंजिनियर, निर्व्यसनी, पोहे दोनदा मागून घेणारा. जॉबर जिना उतरून आले, त्याच्या शेजारी बसले आणि विचारायचं ते विचारलं. मुलगा मोठ्या कौतुकानं म्हणाला, "काका, ऑटोमॅटिक आहे." जॉबर उठलेच. मला जिन्यात ओढून नेलं आणि सगळ्या बैठकीला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजले, "मास्तर, डावा पाय रिकामा ठिऊन बसणारं पोरगं हाय. संसार काय वडणार ह्यो?" लग्न ठरलं, पण माझी वहिनी अजून त्यांच्याशी बोलत नाही.

त्यांच्या दरबारात माझीही जागा उभ्यातलीच. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून मी बिनगिअरची छोटी गाडी घेतली आणि पेढे द्यायला वर गेलो. जॉबरांनी पेढा उचलला, खाली येऊन गाडीभोवती एक फेरी मारली, काचेतून आत डोकावले आणि पेढा परत डब्यात ठेवला. शाळेत तीस वर्षं पोरांना घाबरवून सोडणारा मी, त्या दिवशी माझ्याच दारात मान खाली घालून उभा होतो.

जॉबर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पॉवरलूम अडला की त्याला चालता करणारा मिस्त्री तो जॉबर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला. मागावरचा धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धडाधड धावायचा आणि त्या खडखडाटात ह्यांचे कान गेले. कमी झाले असं नव्हे, पार गेले. त्याचं त्यांना सोयरसुतक नाही. "कान रिटायर झाले, हात ड्यूटीवर हायेत," असं ते छातीवर हात मारून सांगतात.

समोरच्याचे ओठ बघून त्यांना दोन-चार शब्द कळतात. त्यापुढचं बोलणं अंगावर येऊ नये म्हणून ते स्वतःच प्रश्न विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात. "काय मास्तर, शाळा बरी? बरी असणार की. ऊन लई हाय? हायच. आज भाजी कसली? वांगी दिसत्यात." जिन्यात त्यांनी मला गाठलं की पाव तास मी काही एक न बोलता गप्पा मारून घरात येतो.

त्यांच्या घरात ऐकण्याचं काम फळ्यांचं. माडी जुनी, लाकडी. नरसाकाकू, म्हणजे त्यांची बायको, मागच्या खोलीत विड्या वळायच्या आणि जॉबर पुढच्या खिडकीत बसायचे. नवरा हवा असला की काकू जमिनीवर टाच हाणायच्या. दोन थापा म्हणजे चहा, तीन म्हणजे जेवण, आणि सलग चार आल्या की भांडण. थापा फळीवरून फळीवर जाऊन जॉबरांच्या तळपायाला पोचायच्या, आणि मान न वळवता जॉबर ओरडायचे, "वस्तुन्ना!" म्हणजे त्यांच्या घरच्या तेलुगूत 'आलो, आलो'.

तळपायाला पोचायच्या तशा आमच्या डाळीतही पोचायच्या, कारण दर थापेला छताची माती पडायची. एकदा माझी बायको सुमन तावातावानं वर गेली. काकूंनी हात जोडले, वाटीभर शेंगाचटणी दिली आणि संध्याकाळी हलकेच थाप मारली. जॉबरांना चहाचा पत्ताच लागला नाही. चहा गार, जॉबर फुगलेले, काकू त्याहून फुगलेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चार थापा. तेव्हापासून सुमन डाळीवर झाकण ठेवायला लागली.

आता गाडीचं सांगतो. कारखान्याच्या शेठजींच्या मुलानं हौसेनं एक विलायती स्पोर्ट्स गाडी आणली होती. लाल, दोन सीटची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी. मुलगा परदेशी गेला आणि गाडी शेडमध्ये रिजेक्ट चादरीखाली पडून राहिली. उभी राहून बाद होऊ नये म्हणून शेठजींनी रिटायर झालेल्या जॉबरांना सांगितलं, "अंबादास, रविवारी जरा फिरवून आणत जा." शेठजी सहज बोलून गेले. जॉबरांना वाटलं, आपल्याला गादीवर बसवलं.

दर रविवारी सकाळी सातला गल्लीतला एक माणूस ते उचलायचे. म्हणायचे, "स्पोर्ट गाडीला को-ड्रायव्हर लागतो, मास्तर." खरं काम इतकंच, की मागून कुणी हॉर्न दिला तर त्यांच्या खांद्यावर बोट टेकवायचं. कानांचं काम, पण हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी पोटदुखीचं निमित्त केलं, पण त्यांना ते ऐकूच गेलं नाही.

त्या गाडीत बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं. पाय लांब, बूड जमिनीला. मधे गिअरचा आखूड दांडा, त्यावर बेसनाच्या लाडवाएवढा स्टीलचा गोळा, आणि गोळ्याला कारखान्याचाच एक छोटा टॉवेल गुंडाळलेला. जॉबरांनी टॉवेल सोडला, माझा उजवा हात गोळ्यावर ठेवला, वर आपला खरखरीत तळवा ठेवला आणि म्हणाले, "कान मिटा." कान कसे मिटतात ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी डोळे मिटले.

गाडी सुरू झाली आणि गोळ्याखाली काहीतरी जिवंत झालं. मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यावर ते आतल्या आत घुरघुरतं ना, तसं. मला सवय आमच्या शाळेच्या मिनीबसची, ड्रायव्हर नसला की ती मीच चालवतो. तिच्यात गिअर टाकायचा म्हणजे पिठलं घोटायचं. इथं दंड हलवायला लागलाच नाही. मनगट बोटभर पुढं गेलं, आत कट् झालं, पहिला पडला. तो 'कट्' कानाला नाही, कोपरापर्यंत हाडात कळला.

"आता दुसरा. लई मानी हाय. गारठ्यात सरळ गेला तर दात खातो. आदी तिसऱ्याला नुसतं शिवायचं, मंग वाकडा हात करून दुसऱ्यात. नवी सून आदी सासूच्या पाया पडती, मंग सैपाकघरात जाती, तसं." आमचे दोन्ही हात तिसऱ्याला शिवले आणि दुसऱ्यात अलगद उतरले. मग तिसरा. पाठ सीटला चिकटली, एमआयडीसीच्या भिंती मागे पळाल्या, हाताखालची घुरघुर बारीक आणि घट्ट झाली. चौथ्यात तर ती ताणलेल्या सुतासारखी वाटली. आणि मी, बावन्न वर्षांचा गणिताचा मास्तर, मोठ्यानं हसायला लागलो. जॉबरांना हसू ऐकू आलं नाही, पण माझा हात हलला तो कळला. ते म्हणाले, "व्हय, असंच होतं."

कुंभारीच्या अलीकडे रस्त्यात म्हशी आल्या. ब्रेकवर पंजा दाबून ठेवून जॉबरांनी त्याच पायाची टाच ॲक्सिलरेटरवर एकदा हाणली. गाडी हुंकारली आणि गिअर खाली सरकला. धक्का नाही, काही नाही. मी तोंडाकडे बघत राहिलो तर म्हणाले, "खालच्या गिअरात जायचं तर आदी पायानं एक थाप. मी आलो म्हनून सांगायचं. दार वाजवल्याबिगर कुनाच्या घरात शिरतो का आपन? थाप दिली की त्यो सोताच दार उगडतो."

मागच्या वर्षी नरसाकाकू गेल्या. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. वरच्या थापा बंद पडल्या. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस आम्हाला बरंच वाटलं. सुमननं डाळीवरचं झाकण काढलं. जॉबर तसेच बोलत राहिले, विचारत राहिले, उत्तरं देत राहिले. फक्त रविवारची फेरी लांबत गेली. आधी कुंभारीपर्यंत होती ती अक्कलकोटपर्यंत गेली. एकदा परत येताना गोळ्यावर हात थोपटत म्हणाले, "घरात समदं गप झालंय, मास्तर. आता आटवड्यातनं एकदा ह्योच बोलतो माज्याशी."

आणि शेठजींनी गाडी विकायला काढली. मुलगा काही परत येत नव्हता. कुर्डुवाडीच्या कुणी दातांच्या डॉक्टरीणबाई रविवारी बघायला येणार, जॉबरांनीच दाखवायची. गल्ली हळहळली. पण सुमनचं डोकं चाललं. ती जॉबरांसमोर उभी राहिली, दोन बोटं दाखवली, मग ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या गिअरची खोड सांगायचीच नाही. गिअर खरखरला की बाई आल्या पावली परत. जॉबरांना लगेच समजलं. त्यांनी ओठांवरून सुईदोरा फिरवल्याची खूण केली आणि वर "मी गप!" असं सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं.

रविवारी मी कारखान्याच्या गेटाशी उभा होतो. सुट्टीमुळे रस्ता मोकळा. डॉक्टरीणबाई तिशीच्या, बारीक अंगाच्या, उत्साही. त्या स्टिअरिंगवर बसल्या, जॉबर शेजारी, हात मांडीवर बांधलेले. पहिला पडला. दुसऱ्याला खर्रर्र! बाईंनी गाडी थांबवून विचारलं, "काका, दुसरा पडत नाही का?" जॉबर समोरच्या भिंतीकडे बघत बसले. परत पहिला, परत खर्रर्र. ती खरखर गाडीच्या तळातून त्यांच्या पायांत जात असणार, कारण भूल न देता दाढ काढावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. मी मनात म्हणत होतो, जॉबर, धरा दम. एकदाच अजून!

तिसऱ्या खर्रर्रला टाका तुटला. "अवो बाई, थांबा की! दुकतंय त्याला!"

बाई हसून म्हणाल्या, "हे मी रोज दिवसभर ऐकते, काका. कुठं दुखतंय ते सांगा."

मग काय, जॉबरांनी सगळं सांगितलं. तिसऱ्याला शिवणं सांगितलं, सासू-सून सांगितली, दार वाजवणंही सांगितलं. बाईंनी चपला काढून मागे टाकल्या, डोळे मिटून दांडा चाचपला, जॉबरांनी डॅशबोर्डवर तळवा सपाट ठेवला. पहिल्याच फटक्यात दुसरा लोण्यात सुरी जावी तसा गेला. "पडला!" जॉबर असे ओरडले, की ते आपली गाडी घालवतायत हे त्यांच्या लक्षातच नसावं. अर्धा तास दोघं फिरत होते. परत आल्यावर त्यांनी गोळ्याचा टॉवेल घडी घालून बाईंच्या हातात दिला. "गारठ्यात गुंडाळत जावा." गाडी कुर्डुवाडीला गेली. रस्त्याकडे बघत ते मला म्हणाले, "काय करू मास्तर? बाईच्या हाताला कान हायेत."

पुढच्या रविवारी सात वाजले, जॉबर खाली आले नाहीत. नऊ वाजले, दहा वाजले. वर काहीच हालचाल नाही, आणि ती शांतता मला पहिल्यांदाच सहन होईना. वर्षभर ती आमच्या डोक्यावर होती आणि आम्ही खाली झाकणं काढून मजेत जेवत होतो, ह्याची लाज वाटली. सुमननं चहा केला, मी कप घेऊन वर गेलो.

दार उघडं होतं. जॉबर खिडकीत, पाठ माझ्याकडे. तळवा चौकटीवर सपाट ठेवलेला. खालून ट्रक गेला की चौकट थरथरत असेल, तेवढंच. हाक मारून उपयोग नव्हता. एकदम खांद्याला हात लावला असता तर दचकले असते. मग मी चप्पल काढली, कप सांभाळला आणि फळीवर टाच हाणली. दोनदा.

खालून सुमन ओरडली, "अहो, माती पडली की डाळीत!"

आणि मान न वळवता जॉबर म्हणाले, "वस्तुन्ना!"

म्हणाले आणि तसेच थांबले. मी कप धरून उभा. मग त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, वळले, आधी कपाकडे बघितलं, मग माझ्या उघड्या पायांकडे. मला बसायला खुर्ची पुढे केली. चहाचा घोट घेतला.

"दुसरी थाप जरा जोरात पायजे, मास्तर," ते म्हणाले. "तिची तशी असायची. उद्या नीट मारा."

मी मान हलवली. खाली आलो तर सुमन डाळीवर झाकण ठेवत होती.