गणपतकाकांचा बहार

गणपतकाकांच्या रक्तातला कॅन्सरचा आकडा वाढला, तेव्हा त्यांनी सौंसरच्या आमच्या आळीत पेढे वाटले. मी आधी पेढा खाल्ला आणि मग कारण विचारलं.

काका माझे शेजारी. रामाकोन्याच्या वाटेवर त्यांचा संत्र्याचा बगीचा, आणि जगातली प्रत्येक गोष्ट ते बगीच्यावरूनच समजून घेत. जावई रुसला की त्याला पाणी जास्त झालं, आमचे हेडमास्तर चिडले की मुळाशी कीड. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना बायकांच्या हार्मोनच्या गोळ्या दिल्या. आकडा झकास उतरला. पुढे पाय सुजले म्हणून डॉक्टरांनी गोळ्या काही दिवस थांबवल्या, तर काका खूश. “बगीचा तानावर सोडला, मास्तर. आता बहार फुटते, समजून राहिले ना?” संत्र्याचं पाणी तोडलं की झाड फुलतं, तसं. म्हणून आकडा चढल्यावर पेढे आले.

मी नागपूरला ट्रंक कॉल लावला. बहार रोगाला फुटलाय आणि गोळ्या कमी मात्रेत पुन्हा सुरू करायच्या आहेत, हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काकांनी उरलेले पेढे आत नेले आणि गोळ्यांना साफ नकार दिला. त्या गोळ्यांनी छाती दुखायची, भर थंडीत अंगातून वाफा निघायच्या, सदरा भिजायचा. मी जामसांवलीच्या मारुतीची शपथ घातली. बायकी गोळ्या खाऊन मारुतीसमोर कोणत्या तोंडानं जाऊ, असं काकांनी मलाच विचारलं. मला हसू आलं आणि भीतीही वाटली. हा माणूस हट्टापायी जाणार होता.

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्या वाफा मले बी येत होत्या. पोरीच्या लग्नानंतर. तुमीच म्हनत होते, थंडीत कायले दार उघडून बसली?”

काका काकूंकडे वळले. “मंग सांगितलं काऊन नाही?”

“कोनाले सांगू?”

काकांनी पाणी मागितलं आणि गोळी घेतली.

पौषात एका सकाळी मी डोकावलो. काका घामानं डबडबलेले, आणि काकू त्यांना पंख्यानं वारा घालत होत्या. काकांनी तो पंखा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि काकूंनाच वारा घालू लागले.

“मले थंडी वाजून राहिली,” काकू म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.