काकांच्या शेतात साहेबांची खुर्ची

मोबाइल हातात असला की सरकारसुद्धा माझं काही वाकडं करू शकत नाही! कुठल्याही क्लासला न जाता सगळं शिकलोय. म्हणून काकांनी शेती अनुदानाचा अर्ज माझ्यापुढे टाकला तेव्हा म्हटलं, "काका, दहा मिनिटांचं काम!"

अनुदान आलं तर बियाणं, नाहीतर यंदा रान पडीक. सहा महिने काका कृषी कार्यालयात हेलपाटे घालत होते. साहेब खुर्चीतून न हलता एकच सांगायचे, "मोजणी लागेल. आणि मला वेळ नाही."

आता अ‍ॅप आलं होतं. 'सुरू' दाबायचं, बांधावरून चक्कर मारायची, 'थांबा' दाबायचं. नकाशा तयार! फक्त शेवटची तारीख आजचीच, पाचपर्यंत.

दाबलं 'सुरू'. दोन एकर फिरलो. मोबाइल खिशात. मग केस कापले, गिरणीतून पीठ उचललं, कृषी कार्यालयात कागदांची प्रत दिली, काकांचा डबा घेऊन परत शेतात. ऐटीत 'पाठवा' दाबलं आणि मग नकाशा बघितला. 'थांबा' राहिलंच होतं!

"काका, तुमचं शेत जरा वाढलंय."

"किती?"

"सलून तुमचं. गिरणी तुमची. कृषी कार्यालयही तुमचंच."

काका मटकन बांधावर बसले. खुरपं टाकून काकू म्हणाली, "म्हणजे दळण फुकट?"

"अगं, दळण कसलं! अर्ज रद्द होईल, पेरणी गेली! आणि तू रे गाढवा, चल आधी!"

कार्यालयात पोचलो तर जिल्ह्याच्या मॅडमचा फोन आलेला आणि साहेब घामाघूम. "हो मॅडम... म्हणजे माझी खुर्ची शेतात दिसतेय?... अतिक्रमण? आमचं कार्यालय?... नाही नाही, मी स्वतः चालून दुरुस्त करतो! पाचच्या आत!"

फोन आपटून ते ओरडले, "कुणाचं शेत आहे हे?"

काकांनी हळूच हात वर केला.

"चला!"

"पण साहेब, तुम्हाला वेळ नाही ना?"

"चला म्हणतो ना!"

आणि साहेब धावले! अहो, खरंच धावले! सुटलेल्या बैलासारखे! रिकामी खुर्ची बघायला अख्खं कार्यालय जमलं.

बांधावर साहेब पुढे, काका मागे. सहा महिन्यांचं व्याज वसूल चाललेलं. "कोपरा कापू नका साहेब, मोजणी लागेल!" साहेबांचा एक बूट चिखलात राहिला. "राहू द्या, आमच्याच शेतात आहे!"

पाचला आठ मिनिटं कमी असताना 'थांबा' दाबलं. यावेळी तिघांनी मिळून! बरोब्बर दोन एकर. साहेबांनी धापा टाकत तिथेच मंजुरी दिली. आठवड्यात अनुदान जमा, पेरणी पार! काका भेटेल त्याला सांगत सुटले, "पुतण्याचं डोकं बघा! साहेबाला पळवलं!" मी आपला नम्रपणे मान खाली घालून उभा.

मग अर्जाची मुदत वाढली आणि दुसऱ्याच सकाळी दारात सात शेतकरी. "आमचंही तसंच चुकव रे बाबा!"

जीव तोडून प्रयत्न केला हो. पण सातही मोजण्या बिनचूक आल्या. सातही अर्ज अजून साहेबांच्या टेबलावर पडून आहेत.