देवळेकर सर आणि मधली भिंत

देवळेकर सर वर्गात येतात, हजेरी घेतात आणि अख्खा वर्ग घेऊन पसार होतात. खांदा कॉलनीतल्या आमच्या शाळेत माझी सातवी अ आणि त्यांची सातवी ब यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्या भिंतीवर सरांचा भारी राग.

"बाई, भिंत काय शिकवते हो?" हे त्यांचं पालुपद. मधल्या सुट्टीत डबा उघडला की सुरू. बाकांच्या रांगा कशाला, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला कशाला, तासाची घंटा तरी कशाला! "मग शिक्षक तरी कशाला?" मी विचारते. त्यावर ते माझ्याच डब्यातली चकली उचलतात.

क्षेत्रफळ जिन्यात, अपूर्णांक वडापावच्या गाडीवर. एकदा तर भूगोल मासळीबाजारात झाला आणि दुपारभर माझ्या वर्गात बोंबलांचा वास. त्यांची मुलं बाहेर खिदळणार, माझी खिडकीला लटकणार आणि संधी-समास शिकवून घसा बसणार तो माझा. डोक्याला नुसता ताप!

शेवटी मोठ्या बाईंनी बजावलं, "पुन्हा वर्ग बाहेर दिसला, तर सातवी ब तुमच्याकडून काढून घेईन." मग सर मुकाट आत बसू लागले. चेहरा पार उतरलेला. मला मात्र हायसं वाटलं.

परवा माझ्या वर्गात रेवतीची बडबड काही थांबेना. मी तिला दाराबाहेर उभं केलं. "बाई, मी नाय बोलली, ती बोलली!" म्हणत ती रडतच गेली.

थोड्या वेळाने बाहेर गलबला. बघते तर अख्खी सातवी ब व्हरांड्यात मांडी घालून बसलेली, मध्ये रेवती, आणि सर फरशीवर खडूने त्रिकोण काढताहेत.

"अहो सर, मोठ्या बाई राउंडला निघाल्यात! वर्ग जाईल ना तुमचा!" मी ओरडलेच.

"जाऊ दे," सर हळूच म्हणाले. "प्रश्न फार विचारतो म्हणून सहावीत मला रोज असंच दाराबाहेर काढायचे. आतला हशा ऐकू यायचा, बाई. वाटायचं, एकदा तरी कुणीतरी बाहेर यावं."

मला भरून आलं. आणि त्याचाही रागच आला.

तेवढ्यात मोठ्या बाई जिना चढून वर आल्या. "हा वर्ग कुणाचा?"

सर उठू लागले. मी त्यांना हातानेच खाली बसवलं आणि दारात गोळा झालेल्या माझ्या सातवी अ ला बाहेर बोलावलं.

"माझा," मी म्हटलं. "आत फार उकडतंय, बाई."