सात घड्यांच्या परगण्याची हकिकत

उतारास आणि उतारावरून वाहणाऱ्या पाण्यास वंदन करून लिहिले जाते ऐसीजे. शके अठराशे साली जपान बेटांच्या दरबारातून हुकूम सुटला की देशाचे परगणे पाडावे, आणि मग उत्तरेकडील डोंगरांत एक परगणा पाडिला. त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण शेवटी कळेल. लांबी नऊ कोस, रुंदी कोठे दीड कोस, कोठे हाक पोहोचेल इतकीच. मध्ये एक नदी, तिच्या काठी सात गावे, आणि सीमा अशी आखिली की ज्या उताराचा बर्फ वितळून या नदीस मिळतो तो उतार परगण्यात, पलीकडचा बाहेर. आम्ही नकाशे ताडून पाहिले, रेघ कोठेही चुकलेली नाही.

आणि रीत अशी होती की दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सातही गावांनी आपापल्या झऱ्याचे पाणी घड्यात घेऊन सर्वांत वरच्या गावी यावे, दगडी कुंडात ओतावे आणि मग एकदमच नदीत सोडावे. मागाहून तांदळाची दारू होई, आणि खालचे लोक वरच्यांस म्हणत की तुमचे पाणी थंड खरे, पण त्यास चव आमच्याकडे पोहोचल्यावर येते.

शके एकोणीसशे सत्तावीस साली खालची सहा गावे शेजारच्या शहरात सामील जाहली आणि परगण्यात वरचे एकच गाव उरले. त्या साली खालून कोणी आले नाही. वरच्यांनी कारण विचारिले नाही, कारण विचारणे म्हणजे टोचणे, अशी तेथील समजूत. मग त्यांनीच भल्या पहाटे खाली उतरून सहा झऱ्यांचे पाणी आणिले आणि सातही घडे आपणच ओतिले. असे बारा वर्षे चालिले.

मग शहराकडून पत्र आले की आपली वस्ती तीनशे बारा, पैकी निम्म्याहून अधिक म्हातारी. सामील व्हाल तर आठवड्यातून दोनदा डॉक्टर येईल, उत्तर कुंडाच्या दिवशी द्यावे. सामील व्हावे तर परगणाच नाहीसा होणार. सरपंच इसोबे कांजिरो सभेत इतकेच बोलिले, "मोर्तब करतो. पण मग ते कुंड कोणाचे, हे सांगा."

तशात वरच्या गावच्या सावाबाई, वय एकोणऐंशी, सर्वांत खालच्या गावचे पाणी आणण्याचे काम त्यांचे, कुंडाच्या आदल्या दिवशी पहिल्या बसने उतरल्या, घडा भरिला आणि गुडघ्यांमुळे झऱ्याच्या दगडावरून उठेनात. तेथे त्याच गावचे तोकुझो नावाचे म्हातारे मुळे धूत होते. ते म्हणाले, "बारा वर्षे पाहतो आहे, सावा-सान. आमचे पाणी तुम्हांस चालते, आम्ही चालत नाही?"

"तुम्ही येत नाही म्हणून नेते. हौस आहे का, ते या गुडघ्यांस विचारा."

"बोलावणे आले नाही. आम्ही आता शहरचे."

"घरच्यांस बोलावणे कोण धाडतो, तोकुझो-सान?"

तोकुझो बराच वेळ एकच मुळा धूत राहिले. मग त्यांनी घड्यातले पाणी परत झऱ्यात ओतिले, बाईंस हात देऊन उठविले आणि रिकामा घडा व दोन मुळे देऊन बसमध्ये बसविले. पाणी आम्ही आणतो, असे सांगितले.

तोकुझोंनी रातोरात खालच्या गावांत निरोप फिरविला, आणि दुसरे दिवशी सहा गावांतून सहा घडे वर आले. शहराचा कारकून कागद घेऊन कुंडाशी उभा होता आणि इसोबे शिक्का मुठीत धरून होते. शेवटचा घडा तोकुझोंनी ओतिला. इसोबेंनी सावाबाईंकडे पाहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर कोणत्या वारी येणार, ते आधी विचारून घ्या." कारकुनाने मंगळवार आणि शुक्रवार सांगितले. मग कागदावर मोर्तब जाहले आणि कुंडाचे पाणी सोडिले.

पुढील वसंतात परगण्याचे नाव सरकारी दप्तरातून खोडले गेले, म्हणून आम्हीही लिहिले नाही. एकंदर तपशील ऐसा: गावे शून्य, क्षेत्र शून्य, वस्ती शून्य, कुंडाशी दरसाल घडे सात.