विकताना किती येतील?

मोटार घेताना जो मोटार पाहतो, तो मूर्ख समजावा! इंजिन पाहू नका, गाद्या पाहू नका, बायकोला रंग आवडला का हे तर मुळीच विचारू नका. एकच प्रश्न विचारा: उद्या विकायला काढली तर किती येतील? हे माझं तत्त्व होतं. अमरावतीच्या कोर्टात, वकिलांच्या खोलीत मी ते इतक्यांदा मांडलं होतं, की लोक मला कायदा कमी आणि मोटारी जास्त विचारत. माझ्या सल्ल्यानं एका ज्येष्ठ वकिलांनी आपली खिळखिळी गाडी घेतल्या किमतीला विकली. खूश होऊन त्यांनी मला पेढे आणले. पुडा हातात न देता टेबलाच्या कडेला ठेवून गेले. घाईत असतील, असं मी धरून चाललो!

माझी जुनी फियाट मी ह्याच तत्त्वानं घेतली होती. नव्या फियाटसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, म्हणून जुनीलाही भाव. अडचण एकच होती, ती माझ्या आईच्या मापाची नव्हती. आईचे, म्हणजे भागीरथाबाईंचे, दोन्ही गुडघे आखडलेले. पाय लांब सोडल्याशिवाय तिला बसता येत नसे. फियाटमध्ये बसवली की पाय दाराबाहेर! दार उघडं टाकून मोटार चालवायला कायदा परवानगी देत नाही, आणि मी वकील.

आईला दसऱ्याला नागपूरला जायचं होतं, दीक्षाभूमीवर. छप्पन साली ती बडनेऱ्याहून आगगाडीत दाराशी उभ्यानं गेली होती.

"देवमन," ती म्हणायची, "तवा उभ्यानं गेली. आता एकडाव बसून जाऊ दे मले. पोराच्या मोटरीत. मंग मेली तरी चालन."

म्हणून ठरलं. फियाट द्यायची, आणि एखादी ऐसपैस जुनी गाडी घ्यायची. तसल्या गाडीला पुढं कुत्रं विचारत नाही, हे मला ठाऊक होतं. पण आईसाठी तत्त्व जरा बाजूला ठेवायला मी तयार झालो.

"आधी फियाट तं इकून दाखवा," माझी बायको पंचफुला म्हणाली. ती शाळेत शिकवते, त्यामुळे कोणाचंही उत्तर तपासल्याशिवाय सोडत नाही.

मी हसलो. फियाट विकायला काय लागतं!

राजकमल चौकात नत्थुजी नावाचे दलाल बसत. म्हशीपासून मोटारीपर्यंत काहीही खपवणारा माणूस. त्यांच्याकडे गाडी उभी केली आणि संध्याकाळी पहिलं गिऱ्हाईक! सरकीचा व्यापारी. गाडी पाहिली, फेरी मारली, भाव कबूल केला आणि विसार द्यायला माझ्या घरी आला. बैठकीत बसला. समोरच्या भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर आहे, ती त्यानं पाहिली. पंचफुलानं पाणी आणलं.

"पानी नको, आताच पिऊन आलो," तो म्हणाला आणि उठला. "अन् गाडीचा रंग जरा... आमच्या घरी हिरवा चालत नाई."

मला ते पटलं! लगेच पैसे खर्चून मी गाडी दुधी रंगाची करून घेतली. दुसरं गिऱ्हाईक आलं, एक ठेकेदार. त्याला चौकात रंग फार आवडला. माझ्या घरी आल्यावर मात्र हॉर्नचा आवाज खटकू लागला. पाणी त्यालाही नको होतं. मी नवा हॉर्न बसवला. तिसऱ्याला हॉर्न आवडला, पण बैठकीत पाच मिनिटं बसल्यावर त्याला नंबर अशुभ वाटला. अमरावतीतली तहान अचानक कमी झाली होती. आणि दर गिऱ्हाइकामागं माझ्या फियाटचा भाव खाली!

तुम्ही म्हणाल, एवढा शिकलेला माणूस, कळलं कसं नाही? अहो, कळत होतं! पण मी वकील. डोळ्यांनी दिसलं तरी पुरावा मागायची सवय.

पुरावा शेवटी नत्थुजींनीच दिला.

"वकीलसाहेब, रागावू नका. गाडीत खोट नाई."

"मग भाव का पडतो?"

"लोकं चौकात गाडी पाह्यतेत, तवर भाव हाय. तुमच्या घरी येतेत, भितीवरचा फोटो पाह्यतेत, मंग पडते."

"म्हणजे काय? इंजिन बाटलं का माझं?"

"इंजिन नाई हो," नत्थुजी खाली बघत म्हणाले. "शीट."

माझं डोकं सणकलं. पंचावन्न सालचा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा मला पाठ आहे. विहिरीवर अडवलं तर शिक्षा, हॉटेलात अडवलं तर शिक्षा, देवळात अडवलं तर शिक्षा. पण फियाट आधी आवडली आणि नंतर आवडली नाही, ह्याला कलम नाही! मी मोटारींचा इतका अभ्यास केला, टायरची झीज धरली, पेट्रोलचा खर्च धरला, आणि मालक धरायचाच विसरलो.

"तं देऊन टाका ना कमी भावात," पंचफुला म्हणाली. "माय बसन आरामात."

"कमी भावात? म्हणजे त्यांनी माझी लावलेली किंमत मी कबूल केली असं होईल! एक रुपया सोडणार नाही."

तेव्हा नत्थुजींनी युक्ती काढली. परतवाड्याच्या अलीकडे खुशालराव म्हणून मोठे शेतकरी होते. संत्र्याचे बगीचे, घरी जुनी अमेरिकन मोटार, खोलीएवढी! त्यांना ती देऊन फियाट हवी होती, वरचे पैसे मोजायचीही तयारी. "कागदावर तुमचं नाव वानखडे हाय," नत्थुजी म्हणाले. "वानखडे तं आमच्यातही ढिगानं हायेत. कागदाचं भेव नाई. फक्त तुमी मालक म्हून येऊ नका. गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर म्हून चला. बोलतो मी."

पंचफुलानं हे ऐकलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"मालक म्हून बसले तं शीट बाटते, अन् ड्रायव्हर म्हून बसले तं नाई बाटत?"

"आईसाठी करून राहिलो मी!"

"मायचं नाव घेऊ नका. तुमाले भाव पायजे, म्हून करून राहिले तुमी."

तिचं बरोबर होतं, म्हणून मी आवाज चढवला. मग खाकी शर्ट घालून निघालो.

खुशालराव ओट्यावर बसले होते. दिलदार माणूस, मोठा आवाज. फियाट पाहून उठूनच उभे राहिले.

"कोनाची म्हने गाडी?"

"वानखडे वकिलाची," नत्थुजी म्हणाले.

"वानखडे? मंग आपल्यातलेच!"

मी बॉनेटवरची धूळ पुसू लागलो. नत्थुजी आभाळाकडे पाहू लागले.

"अन् तू कोन रे?" खुशालरावांनी मला विचारलं.

इथं मात्र मला राहवलं नाही. "मी बौद्ध," मी ठणकावून सांगितलं. नत्थुजींनी डोळे गच्च मिटले. सौदा मेला, असं मलाही वाटलं.

"असू दे ना बाप्पा!" खुशालराव हसले. "ड्रायव्हरचं काय पाहाचं? मालक चांगल्या घरचा पायजे. गाडीचा भाव त्याच्यावर राह्यते."

तेच बूड, तीच गादी, तेच स्टिअरिंग! मी खुशालरावांना मागच्या सीटवर बसवून अचलपूरच्या वेशीपर्यंत फिरवून आणलं. सारा वेळ ते माझ्या मालकाची स्तुती करत होते.

"गाडी कशी ठेवली पाह्य! हे शिकवून येत नाई, रक्तातच असा लागते. स्वभावानं कसा हाय तुह्या मालक?"

"हट्टी हाय," मी म्हणालो. "जरा येडाही हाय."

"अरे, ज्याचं मीठ खातो त्याले येडा म्हनते का?" मला रागावले!

परत आल्यावर कागद पुढं केले. सह्या मी घरूनच करून आणल्या होत्या. खुशालरावांनी सहीवर बोट ठेवलं. "पाह्य सही! शिकल्यासवरल्या मानसाची. तुले येते का रे सही?"

"येते थोडीथोडी."

मग चहा आला. सगळ्यांना पितळी ट्रेमध्ये. माझा गोठ्याच्या कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात, वरून ओतून. हायकोर्टापर्यंत जाऊन आलेला माणूस मी, गोठ्यापाशी उभा राहून तो कप हातात धरला. आपटून फोडावा असं वाटलं. पण फोडला असता तर सौदा फुटला असता. भाव पडू नये म्हणून मी तो चहा प्यायलो. कप विसळूनही ठेवला.

निघताना खुशालराव म्हणाले, "मालक काय देते तुले? पाच रुपये वर घे अन् ये माह्याकडे. गाडीची सवय हाय तुले."

मी मालकाला विचारून सांगतो म्हटलं!

घरी आलो ते त्या अमेरिकन मोटारीतून, वरचे पैसे खिशात घालून. पूर्ण भाव! एक रुपया कमी नाही. माझ्या तत्त्वाचा असा दणदणीत विजय झाला होता, आणि मला जेवण गेलं नाही. पंचफुलानं विचारलं, "चहा तरी देल्ला का त्याईनं?" देल्ला, म्हटलं. तिनं माझं ताट झाकून ठेवलं.

पण आई! दसऱ्याच्या सकाळी पांढरं पातळ नेसून ती त्या मोटारीत मागं बसली, दोन्ही पाय लांब सोडून. गावाबाहेर पडेपर्यंत काचेवर हात ठेवून होती. "गादी कशी हाय वं!" पंचफुलाला म्हणाली. मला क्षणभर वाटलं, जाऊ दे, सगळं वसूल झालं.

तिवस्याला चहाला थांबलो. तेवढ्यात मागून एक दुधी फियाट येऊन उभी राहिली. मागच्या सीटवर खुशालराव, शेजारी त्यांची बायको पार्वताबाई, कुठं तरी सोयऱ्यांकडे निघालेले. खुशालराव उतरले. आधी त्यांनी आपली जुनी मोटार ओळखली, मग मला, मग आत ऐटीत बसलेल्या आईला पाहिलं आणि भडकले.

"काय रे! मालकाच्या गाडीत घरच्या बाया घालून निघाला? मालकाले मालूम हाय का?"

हॉटेलातली माणसं वळून पाहू लागली. आणि खरं सांगतो, माझ्या तोंडात शब्द तयार होता: हो, साहेब, इचारून आणली! तो बाहेर पडायच्या आत आईनं काच खाली केली.

"कोनता मालक? थो पोरगा हाय माह्या. अमरावतीचा वकील हाय, वानखडे वकील. हे गाडी त्याचीच. अन् तुमी ज्याच्यातून उतरले ना, थेबी त्याचीच होती!"

खुशालरावांचा चेहरा दुधी झाला. त्यांनी एकदा फियाटकडे पाहिलं, एकदा आत बसलेल्या पार्वताबाईंकडे. बाई पानाला चुना लावत होत्या, त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मी बाह्या सावरल्या. आता मारामारी होणार, शिव्या होणार, आणि ह्या वेळी मी सोडणार नव्हतो. गोठ्यातला तो कप माझ्या घशात अजून अडकलेला होता. सगळी कलमं ओठावर आली होती.

खुशालरावांनी माझा दंड धरला आणि मला हॉटेलाच्या मागं नेलं. कपाळावर घाम.

"वकीलसाहेब," ते हळूच म्हणाले. पहिल्यांदाच अहो-जाहो! "झालं थे झालं. आमच्या घरच्यानं आयकलं नाई. तुमी बी आता कोनापाशी बोलू नका. हात जोडतो. मले थे गाडी पुढं इकाची हाय. भाव जाईन माह्या."

माफीचा शब्द नाही. भाव! त्या माणसाच्या कानाखाली आवाज काढायचा क्षण तोच होता. पलीकडं मोटारीत आई बसली होती, पंचफुला माझ्याकडे टक लावून पाहत होती. मी हात उचललाही.

पण इतक्या वर्षांची सवय! मोटारीच्या भावाचा सल्ला कोणी मागितला आणि मी दिला नाही, असं कधी झालंच नव्हतं. हात खाली आला आणि तोंड आपोआप उघडलं.

"अमरावतीत इकू नका," मी म्हणालो. "अकोल्याले न्या. तिथं मले कोनी ओळखत नाई."