तेवीस गेल्या, बावीस आल्या

आमच्या दाजींना कुणी 'बसा' म्हटलं की ते बसत नाहीत. आधी टाच आपटून जमीन बघतात, मग बोट ओलं करून वारा बघतात, मग चार पावलं लांब जाऊन उतार बघतात आणि शेवटी भलत्याच ठिकाणी टेकतात. रानात हे ठीक आहे. पण माझ्या मुलीच्या लग्नात, सांगलीतल्या मंगल कार्यालयात, चकचकीत फरशीवर टाचा आपटून त्यांनी माझ्या व्याह्यांना तीनदा उठवलं, तेव्हा तोंड कुठं लपवावं ते मला कळेना. "हितं नगा बसू, पाव्हणं. हितं वाऱ्याचा मारा हाय," असं म्हणत त्यांनी बोट दाखवलं, तिकडं कार्यालयाचा एसी होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. नाव बिराप्पा. गाव जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या शिवेला. विशीपर्यंत ते वडिलांबरोबर मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरले. आज या रानात मुक्काम, उद्या त्या. पुढं जनावरांच्या दवाखान्यात शिपाई म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. मेंढरं आमच्याही घरात होती, पण ती आजोबांबरोबर संपली. मी सांगलीत इंग्रजीचा मास्तर झालो, गादीवर झोपायला शिकलो आणि गुडघे बिघडवून घेतले.

दाजी-आक्कांना एकुलती एक मुलगी, माया. तिनं सांगलीत मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पुण्यात नोकरी धरली, कंपनीनं तिला इंग्लंडला पाठवलं. तिथं कंपनी सोडून ती एका वर्कशॉपमध्ये गेली. शंभर शंभर वर्षांच्या मोटारी दुरुस्त करायच्या आणि शर्यतीत पळवायच्या, असला तो उद्योग. आमच्याकडं जुनी मोटार भंगारात जाते, तिकडं ती शर्यतीत जाते.

दर रविवारी फोनवर दाजींचा एकच प्रश्न. "तितं तुला कोन हाय?"

"सगळे आहेत की, अण्णा," माया म्हणायची.

फोन ठेवला की दाजी आक्काकडं वळायचे. "सगळी म्हंजी कुनीच न्हाई."

सात वर्षं हाच सवाल आणि हाच जबाब. आठव्या वर्षी दाजी म्हणाले, "मी बघूनच येतो." आक्काला बस लागते, विमानाचं तर नावच नको. मग इंग्रजीचा मास्तर म्हणून मला सोबत जोडलं. निघायच्या आदल्या दिवशी आक्कानं मला चुलीपाशी गाठलं. "बबन, ह्यांच्या मनाला पटलं न्हाई, तर हे पोरीला 'चल' म्हनतील. आन ती यील. बापाला ती कवा न्हाई म्हनली न्हाई. हितं यून काय करंल ती, सांग? उसाच्या ट्रॅक्टरची पंक्चर काढंल? तू बघ काय ते." मी 'बघतो' म्हणालो. सोळा तासांच्या प्रवासात काय बघायचं ते काही मला सुचलं नाही.

विमानतळावर माया गळ्यात पडली. दाजी सामानाच्या गाडीशी झटापट करत होते, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "मामा, अण्णा 'चल' म्हणाले तर मी निघेन. पण मला इथं बरं वाटतं हो." म्हणजे मायलेकींनी सगळा भार माझ्याच डोक्यावर टाकला होता.

त्याच शनिवार-रविवारी शर्यत होती. शर्यतीच्या गावातल्या हॉटेलाचं भाडं मायानं सांगितलं. दाजींनी मनाशी हिशेब केला. "एका रातीला एक मेंढा? आन सकाळी मेंढा बी त्येंचाच?" माया म्हणाली, वर्कशॉपची सगळी मंडळी शेतात तंबू ठोकून राहतात, सगळ्यात स्वस्त तेच पडतं. दाजींचा चेहरा असा खुलला की बस. माझा तेवढाच पडला. मी माझ्या गुडघ्यांचा विषय काढून पाहिला. "जमीन आसताना खोली कशाला, मास्तर?" एवढ्यावर दाजींनी तो निकाली काढला.

शर्यतीच्या रस्त्याला लागून एका शेतकऱ्यानं आपलं कुरण तंबूंसाठी मोकळं केलं होतं. मेंढरं दोनच दिवसांपूर्वी तिथून हलवलेली. खालच्या अंगाला हिरवंगार, सपाट, गालिचा अंथरल्यासारखं गवत. सगळे तिथंच तंबू लावत होते. दाजींनी टाच आपटली. बोट ओलं केलं. मग मान खाली घालून ते चालू लागले ते चढावर, कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत. तिथं थांबले आणि हाक मारली, "मास्तर, हितं!"

मी गेलो. पाऊल टाकायला जागा नव्हती. जिकडं तिकडं लेंड्याच लेंड्या.

"दाजी, ही घाण आहे."

"घान न्हवं, सही हाय ती. मेंढरू राती कुटं बसतं? जितं पानी न्हाई, वारा न्हाई, तितं. शेंभर मेंढरांनी बसून बगितल्याली जागा हाय ही. तुमी आपलं हिरवं गवात बगून भुलताय. आवं, हिरवं का हाय ते? खाली पानी मुरतंय म्हनून."

दाजींनी खराटा मागितला. खराटा इंग्रजीत मागायची पाळी माझ्यावर आली, आणि तीस वर्षं मुलांना कविता शिकवलेल्या माझ्या तोंडी शब्द येईना. शेवटी मी झाडून दाखवलं. वर्कशॉपच्या मालकीणबाईंनी तंबू झाडायचा छोटा झाडू दिला. सत्तरीच्या, पांढऱ्या केसांच्या, पुरुषी बूट घातलेल्या या बाईंचं नाव मार्गारेट. दाजींनी पहिल्या दिवसापासून त्याचं 'मार्गाबाई' करून टाकलं. बाईंनी आम्हाला चढावर झाडताना पाहिलं आणि निघून गेल्या. त्या काय समजल्या असतील, या विचारानं माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

रात्री पाऊस झाला. सकाळी उठून पाहतो तर खालच्या गालिच्याचं दलदलीत रूपांतर झालेलं. लोक ओल्या गाद्या पिळत होते, एक गृहस्थ तंबूतून पातेल्यानं पाणी उपसत होते. आमच्या तंबूत आगपेटीसुद्धा कोरडी. नऊ वाजेपर्यंत मार्गाबाईंसकट सगळं वर्कशॉप बिऱ्हाड उचलून लेंड्यांच्या चढावर आलं. दाजींनी एकेकाला जागा नेमून दिली, मराठीत. प्रत्येकाला समजली. आक्कानं दिलेली शाळूची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फिरली. एकानं त्या भाकरीवर चीज ठेवून खाल्लं आणि आणखी मागितली. 'ही घाण आहे' हे माझे शब्द मी गिळले. भाकरीबरोबर सोपे गेले.

दुपारी शर्यत. मोटारी बघून मला तर काळजीच वाटली. छप्पर नाही, काच नाही, बॉनेट चामडी पट्ट्यानं बांधलेलं, चाकांना सायकलीसारख्या तारा. मायानं दुरुस्त केलेली गाडी हिरवी, लांब नाकाडाची; चालवणारा दुसराच. ती सुरू झाली आणि दाजींनी हवा हुंगली. "मास्तर, एरंडेल!" खरंच, धुराला एरंडेलाचा वास होता. मायानं सांगितलं, या जुन्या इंजिनांत तेच तेल घालतात. दवाखान्यात उभा जन्म बैलांना एरंडेल पाजलेला माणूस तो. त्यांनी गाडीकडं मोठ्या मायेनं पाहिलं. "पोट साफ ऱ्हाईल हिचं."

झेंडा पडला. गाड्या धडधडत वळणाआड गेल्या. लोक खुर्च्यांतून उठून पहिल्या गाडीचा नंबर ओरडू लागले. दाजींचं पहिल्या गाडीकडं लक्षच नव्हतं. ते बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत होते.

"तेवीस गेल्या."

दोन-तीन मिनिटांनी गाड्या फेरी संपवून समोरून गेल्या. "तेवीस आल्या," दाजी म्हणाले आणि श्वास सोडला. दुसरी फेरी, तेवीस. तिसरी, तेवीस. शेवटची गाडी दिसेपर्यंत हा माणूस श्वास घेत नव्हता. शेजारच्या गृहस्थांनी त्यांना कौतुकानं विचारलं की तुमची गाडी कुठली? मी ते मराठीत सांगितलं. दाजी म्हणाले, "पयली कोन त्ये बगाया सगळं जग हाय. शेवटचं कोन ऱ्हायलं, त्ये बगायला येक तरी नगं का?"

मेंढरं सांजेला परत आली की आधी मोजणी. ती पुरी झाल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, असा त्यांच्या वडिलांचा कायदा होता. एखादं कमी भरलं की सगळे उपाशी, बाप त्याला शोधायला रानात. हे त्यांनी मला तिथं, चौथी फेरी चालू असताना सांगितलं.

पाचव्या फेरीला दाजी ताडकन उभे राहिले. "बावीस!"

मी म्हणालो, चुकला असाल.

"साठ वर्सांत चुकलो न्हाई. तेवीस गेल्या, बावीस आल्या. हिरवी न्हाई त्यात."

हिरवी म्हणजे मायाची. दाजी धोतर सावरत कुंपणापाशी नारिंगी जाकिटातल्या माणसाकडं धावले आणि त्याच्या नाकासमोर एक बोट धरलं. एक कमी आहे! त्या भल्या माणसानं हसून पहिल्या गाडीकडं हात केला. दाजींनी कपाळाला हात लावला. "ह्या समद्यांस्नी पयलीचंच याड हाय!" मी मागून जाऊन, धापा टाकत, कसंबसं विचारलं. त्यानं कानाला लावलेल्या यंत्रात बोलून सांगितलं, हिरवी गाडी पलीकडच्या वळणावर बंद पडली आहे, चालवणारा सुखरूप आहे, तिला आणायला वर्कशॉपची मुलगी गेली आहे. जीव भांड्यात पडला. माझा पूर्ण, दाजींचा अर्धाच. "गाडी घावली. पोरगी कवा यील?"

शर्यत संपली. कुणीतरी जिंकलं. आम्ही चढावर परतलो, तोवर मार्गाबाईंनी मोठ्या पातेल्यात रस्सा शिजवून ठेवला होता. तो काळसर होता, पण मी सकाळपासून अर्ध्या भाकरीवर होतो. मंडळी ताटल्या घेऊन गोल बसली. बाईंनी पळी हातात घेतली, एकेकाच्या तोंडाकडं बघत नजर फिरवली आणि पळी परत पातेल्यात ठेवली. झाकण घातलं. म्हणाल्या, माया कुठाय?

कुणीतरी सांगितलं, येईल, गाडी बांधून आणतेय, वेळ लागेल. बाईंनी मान हलवली आणि झाकणावर एक दगड ठेवला. झालं, सगळे रिकाम्या ताटल्या धरून बसले. कुणी कुरकुर केली नाही. रोजचंच असावं तसे गप्पा मारू लागले.

दाजींनी मला कोपरानं ढोसलं. "का जेवत न्हाईत ही लोकं?"

"मायासाठी थांबलेत."

"कुनी थांबीवलं?"

"त्या बाईंनी."

दाजी बराच वेळ त्या झाकलेल्या पातेल्याकडं बघत राहिले. मग जमिनीवर मांडी घातली. टाच आपटली नाही, वारा बघितला नाही, जिथं उभे होते तिथंच बसले.

पाऊण तासानं माया आली, कोपरापर्यंत काळी, कपाळाला तेल. मार्गाबाई तिच्यावर अशा खेकसल्या की त्यातलं अर्धं इंग्रजी मला कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. खेकसता खेकसता त्यांनी पहिली ताटली तिलाच वाढली. माया हसत होती. बाप आपल्याकडं बघतोय हे लक्षात आल्यावर तिचं हसू थांबलं. आता 'चल' म्हणणार, असं तिला वाटलं असावं. मलाही वाटलं.

दाजींनी ताटली पुढं केली. दोनदा रस्सा घेतला. मग मला म्हणाले, "मास्तर, बाईला सांगा. म्हनावं, पोरीला आशीच रोज मोजत जावा."

मास्तरकीच्या उभ्या जन्मात मी एवढं महत्त्वाचं वाक्य इंग्रजीत केलं नव्हतं. घाबरत घाबरत जसंच्या तसं सांगितलं. मार्गाबाईंना ते मुळीच चमत्कारिक वाटलं नाही. त्या म्हणाल्या, मोजतेच की मी.

मी ते मराठीत सांगायच्या आधीच दाजींनी मान हलवली होती. माया ताटली घेऊन तंबूमागं गेली आणि जरा वेळानं तोंड धुऊन आली. 'चल' हा शब्द पुढच्या बारा दिवसांत निघाला नाही. आक्काला फोन करून मी एवढंच सांगितलं की तुझं काम झालं, आणि मी काहीही केलेलं नाही. इतका हलका मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो. त्या रात्री तर तंबूतही गुडघ्यांसकट गाढ झोपलो.

परतल्यावर महिन्याभरानं मी जतला गेलो. दाजी मजेत दिसले. रविवारच्या फोनवर आता "तितं तुला कोन हाय?" नव्हतं. "मार्गाबाईचं गुडघं कसं हायती?" असली चौकशी चालली होती. आक्कानं जेवायला वाढलं. दाजींनी ताटांवरून नजर फिरवली आणि हसले.

"आज तीन," ते म्हणाले. "लय बरं केलं आलात त्ये. एरवी दोनच, मास्तर. सात वर्सं तिला धरून तीन मोजायचो, येक बाहीर हाय म्हनून. आता तिला तिकडं मोजत्यात. आमी आपली दोगंच ऱ्हायलो. मोजाया घेतलं की संपतंय."

आक्का भाकरी थापत राहिली.

मला दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सांगलीला निघायचं होतं. मी आणखी आठ दिवस राहिलो.